सोबतीचं माणूस

माणूस परक्या देशात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचा दुसरा जन्म होतो. हे वाक्य त्याने निघण्याआधी जुन्या ऑफिसातल्या निरोपाच्या भाषणात म्हटलं होतं आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. दुसऱ्या जन्मातही पहिल्याच जन्माचा मणका, तेच दात आणि तेच आम्लपित्त घेऊन यावं लागतं, हा मुद्दा भाषणात राहून गेला. नव्या देशातली नोकरी नळयोजनांचे नकाशे तपासण्याची होती. कुठली नळी किती जाड, झडप कुठे हवी, दाब कुठे कमी पडेल, हे कागदावर वाकून बघायचं आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. काम त्याच्या हातचं होतं, आणि नळ्या सगळ्या देशांत सारख्याच गळतात यावर त्याचा विश्वास होता. एका सकाळी असाच एक मोठा नकाशा पुढ्यात पसरलेला असताना त्याने डाव्या हाताने चहाचा मग उचलला आणि मग निसटला. त्याने तो सोडला नव्हता आणि धरलेलाही नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही दोन्ही बोटं तेवढ्यापुरती दुसऱ्याच कुणाची तरी झाली होती. चहा एका अख्ख्या उपनगरावर पसरला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला. हा सहकारी इथलाच, उंच, फिकट आणि मधेच किंचित वाकलेला. बायकोशी बोलताना तो त्याला पडवळ म्हणायचा, आणि या सन्मानाची पडवळला कल्पना नव्हती. पडवळने फडक्याने उपनगर टिपलं, त्याच्या लोंबत्या बोटांकडे बघितलं आणि आडनाव विचारावं तितक्या सहजपणे विचारलं, "तुमचा डॉक्टर कोण?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. "आमचे डॉक्टर" एवढं तो म्हणालाही, आणि मग थांबला, कारण आमचे डॉक्टर कित्येक समुद्र पलीकडे होते आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे चार वर्षांपूर्वी वारले होते. तरी ते डोळ्यांसमोर लख्ख उभे राहिले: कानांतून बाहेर आलेले पांढरे केस, नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा, आणि नाडी बघताना छताकडे लागलेली नजर. ते त्याला कधी काही विचारत नसत. "जीभ," म्हणायचे, आणि तो जीभ काढायचा. मग जिभेकडे बघतच ते त्याच्या काकांच्या मूळव्याधीची चौकशी करायचे. जीभ बाहेर असल्यामुळे उत्तर देता येत नसे, आणि उत्तर त्यांना नकोही असे. ते त्यांना ठाऊक असायचं. घरातल्या सगळ्यांची पोटं, सगळ्यांचे ताप, कुणाला कुठलं औषध उलटतं, कुणाला औषधापेक्षा रागावणं लागू पडतं, हे त्या एका टकलाच्या आत नीट लावून ठेवलेलं होतं. त्यामुळे घरातल्या कुणाला ते माहीत असायची गरज पडली नाही. जसं स्वतःचं घर कुणाच्या नावावर आहे हे वडीलधाऱ्यांना माहीत असतं आणि आपण त्यात नुसते राहतो, तसा तो पन्नास वर्षं आपल्या शरीरात राहिला होता. डॉक्टर गेले आणि ती सगळी माहितीही त्यांच्याबरोबर गेली, ही गोष्ट त्याला चहा टिपणाऱ्या पडवळकडे बघताना पहिल्यांदा कळली. "डॉक्टर नाही," तो म्हणाला. पडवळने त्याच्याकडे असं बघितलं, की छत्री नाही, पत्ता नाही, आई नाही असं काहीतरी ऐकलं असावं.

मग पडवळने रीत समजावून सांगितली. इथे प्रत्येक माणसाचा एक घरचा डॉक्टर असतो, आणि तो पाठवेल तेव्हाच पुढचे मोठे डॉक्टर तुम्हाला बघतात. एकदम इस्पितळात जायचं ते रक्त वाहत असेल तर. घरच्या डॉक्टरकडे माणसं मोजकी. एखादा गाव सोडून गेला किंवा जगच सोडून गेला की एक जागा होते आणि त्या जागी नवा माणूस घेतात. पण तो घ्यायचा की नाही हे डॉक्टर त्याला भेटून ठरवतात. पडवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नुकतीच एक जागा झाली होती. एक म्हातारे गृहस्थ हिवाळ्याच्या तोंडावर, पहिल्याच थंडीत गेले होते. पडवळ हे खालच्या आवाजात, पण उत्साहाने सांगत होता, आणि त्यालाही त्या अनोळखी म्हाताऱ्याबद्दल दुःख व्हायच्या आत हायसं वाटून गेलं. "मी शब्द टाकतो," पडवळ म्हणाला. "पण एक लक्षात ठेवा, त्या जिने चढायला लावतात." म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. नोकरीसाठी, घरासाठी, बँकेच्या खात्यासाठी त्याला या देशात इतके जिने चढायला लावले होते, की ही बोलण्याची पद्धत असावी असं त्याने धरलं.

पण मनात वेगळंच होतं. डावा हात. डाव्या हाताबद्दल जगातल्या प्रत्येक माणसाने काहीतरी ऐकलेलं असतं. शिवाय वडील ज्या वयात गेले त्या वयाला तो आता पोचला होता, आणि या वयात पोचल्यावर एखाद्या ओळखीच्या वळणावर गाडीचा वेग आपोआप कमी व्हावा तसं त्याला होत होतं. वडील कशाने गेले? या प्रश्नाचं घरातलं उत्तर ठरलेलं होतं: एकदम झालं. लहानपणी हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की "एकदम" हे एका रोगाचंच नाव असावं असं त्याला वाटायचं. अमक्याला कावीळ, तमक्याला एकदम. रविवारी त्याने ताईला फोन लावला. ती त्याच्याहून मोठी, तिने सगळं बघितलेलं. बाबा नक्की कशाने गेले, असं त्याने विचारल्यावर पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि ताई म्हणाली, "कशाने म्हणजे? जेवले, पडले, झालं. तुला आत्ता रे कशाला हवंय?" इथले डॉक्टर विचारतात, असं तो म्हणाला. "मग सांग त्यांना, माणूस फार चांगला होता." काकांनी सांगितलं, की बाबा लहानसहान गोष्ट मनाला लावून घ्यायचे; ऑफिसात साहेबाने बढतीत डावललं ते त्यांनी गिळलं आणि तेच बाधलं. काकूने काकांच्या हातून फोन घेऊन सांगितलं, की मनाबिनाचं काही नव्हतं, वायू धरला होता, ती तेव्हाच ओवा घे म्हणाली होती, पण धाकट्या जावेचं या घरात ऐकलंय कुणी. मग फोनच्या पलीकडे त्या दोघांचं जुंपलं, आणि तो इकडे फोन कानाला लावून वडिलांच्या मरणावर चाललेला वाद ऐकत राहिला. कुणालाच रोगाचं नाव माहीत नव्हतं. त्याला आठवलं, की त्या दुपारी आमचे डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि काकांनी मान हलवली. काकांनी तेव्हा जे ऐकलं ते ऐकलंच नसावं.

बायकोने शर्टाला इस्त्री केली. नोकरीच्या मुलाखतीला केली होती त्याहून कडक. स्थळ म्हणून दाखवायला नेतात तसा तो आरशापुढे उभा राहिला आणि बायकोने मागून त्याची कॉलर सरळ केली. ती अर्थातच बरोबर निघाली होती. त्यांच्याकडे डॉक्टरकडे एकटं कुणी जात नाही. एक आजारी असतो आणि एक सोबत असते. आजाऱ्याने कण्हायचं आणि सोबतीने पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट, छत्री आणि हिंमत धरायची. सोबतीच्या माणसाला काही झालेलं नसतं. ते त्या पदातच येतं. त्याची आई वडिलांची सोबत होती आणि वडिलांमागे ती तशीच अठरा वर्षं ठणठणीत राहिली. बसमध्ये तो मनातल्या मनात परक्या भाषेत वाक्यं जुळवत होता. ही भाषा तो ऑफिसात शिकला होता. तिच्यात त्याला उताराचा कोन सांगता येत असे, गळतीचं प्रमाण सांगता येत असे. पण कळ आणि चमक, ठणका आणि ठसठस, मुंग्या, हुरहूर, आणि जे नक्की काय होतं ते सांगता येत नाही म्हणून ज्याला नुसतं कसंतरी म्हणतात ते, यांतलं एकही त्याच्यापाशी नव्हतं. सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द होता: दुखतं. भरलेल्या घरातून निघावं आणि हातात फक्त एक ताट असावं, तसं त्याला वाटलं. "काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं. "रोग," तो म्हणाला. "पाठ होईपर्यंत बरा होईल," ती म्हणाली आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

दवाखाना एका साध्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. खाली काचेच्या दाराशी एक नोंदणीच्या बाई बसलेल्या, त्यांच्या मागे लिफ्ट, आणि लिफ्टमधून काठ्या टेकत, मुलं कडेवर घेऊन माणसं वर-खाली होत होती. तो लिफ्टकडे वळला तेव्हा नोंदणीच्या बाईंनी मान हलवली, आणि जिन्याच्या पायरीवर बसलेल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. साठीच्या, बुटक्या, करड्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. ह्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी त्याच्याशी हात मिळवला, मग बायकोशी मिळवला, तितकाच वेळ, आणि म्हणाल्या, "नवीन माणसाबरोबर मी जिन्याने जाते. चला." एवढंच. म्हणजे ती बोलण्याची पद्धत नव्हती. पहिल्या पायरीपासून त्याने पाठ केलेलं सुरू केलं. त्याला वाटलं होतं त्या मधे काही विचारतील, पण त्या त्याच्या डाव्या बाजूने, त्याच्याच वेगाने, काहीही न विचारता चढत राहिल्या, आणि ते गप्प राहणं असं होतं की बोलणाऱ्याला त्यात जागा मिळत जावी. शब्द संपले तेव्हा तो नळयोजनेवर आला. मुख्य नळीत दाब कमी पडत असावा, म्हणाला. शेवटच्या दोन जोडण्यांपर्यंत, म्हणजे करंगळी आणि शेजारच्या बोटापर्यंत, पुरवठा पोचत नाही. वडिलांची योजना याच वयात बंद पडली होती, कारण नोंदलेलं नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, एखाद्या अवघड नकाशाकडे बघून तो हलवायचा तशी. आपण काय बोललो ते कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, ही भावना त्याला या देशात आल्यापासून झाली नव्हती. तीही त्याने छातीच्या खात्यावर टाकली. मधे एकदा, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टरीणबाई थांबल्या आणि स्वेटरच्या खिशात किल्ल्या शोधू लागल्या. बराच वेळ शोधल्या. बायकोही मागे खिडकीपाशी थांबून बाहेर बघत होती. मग किल्ल्या सापडल्या आणि सगळे वर गेले. वरची खोली उघडीच होती.

खोलीत एक टेबल, एक पलंग, हात धुवायचं भांडं, आणि टेबलाच्या एकाच बाजूला मांडलेल्या तीन सारख्या खुर्च्या. त्यांच्यातली एक डॉक्टरची. त्यांनी त्याला शर्ट काढायला सांगितला, ती इस्त्री तिथेच संपली. त्यांनी छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. आमचे डॉक्टर छताकडे बघायचे. या डोळे मिटायच्या. इतका वेळ कुणी त्याचं हृदय ऐकलं नव्हतं, त्याने स्वतःनेही नाही. नळी इंच इंच सरकत होती, मधेच एका जागी परत येत होती, आणि तो श्वास सोडायचा की नाही या काळजीत होता. मग तारा लावून आलेख काढला, तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून वाचला. शेवटी त्यांनी त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या खोबणीत अंगठा दाबला. ठिणगी पडावी तशी एक झिणझिणी सरळ करंगळीत गेली. "ही?" त्यांनी विचारलं. "हीच," तो मराठीत म्हणाला, पण त्यांना कळलं. "दिवसभर या कोपरावर भार देऊन वाकून काम करता," त्या म्हणाल्या, विचारलं नाही. "इथे एक नस उघड्यावरून जाते. ती दबते. कोपर टेकू नका, महिन्याभरात जाईल." आणि हृदय? हृदय चांगलं आहे, त्या म्हणाल्या. आणि वडील? तेव्हा त्याने ताईचं, काकांचं आणि काकूचं अशी तिन्ही मतं सांगितली, ओव्यासकट. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही नीट ऐकून घेतली, एकावरही भुवई उचलली नाही. "तिघांनी एकाच माणसाला तीन बाजूंनी बघितलं," त्या म्हणाल्या. "ते कशाने गेले हे आता मला सांगता येणार नाही. तुमचं हृदय मात्र मी आत्ता ऐकलंय. ते तुमचं आहे, त्यांचं नाही." हे वाक्य त्याने पुढे अनेकांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याला ते आपणच म्हटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी मात्र तो उघड्या अंगाने पलंगावर बसून त्या बुटक्या बाईंकडे बघत होता, आणि बाबांच्या मरणाच्या ज्या वळणाशी तो इतकी वर्षं घुटमळत होता तिथून त्याला कुणीतरी हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं होतं. पसंती झाली असं त्याने धरून चालायला हरकत नव्हती. तो शर्टाची बटणं लावू लागला.

डॉक्टरीणबाई तोवर त्याच्याकडे बघत नव्हत्या. खुर्ची बायकोकडे वळवून त्यांनी विचारलं, "तुम्ही दुसऱ्या मजल्यावर का थांबलात?" बायकोने पिशवी मांडीवर नीट केली. तिची इथली भाषा भाजीच्या दुकानापुरती होती, पण प्रश्न तिला कळला. "खिडकी होती. बाहेर बघत होते." "काय दिसलं?" बायकोने पिशवीतली बाटली सरळ केली. "त्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी रोज बघते." तेव्हा बायको त्याच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, यांना सांगा ना, मी सोबत आलेय म्हणून." त्याने तसं सांगितलं. "सोबतीचा श्वास मला पहिल्या मजल्यापासून ऐकू येत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या नळयोजनेच्या मागून." त्याचा हात बटणावर थांबला. संध्याकाळी बाजारातून येताना ती थांबायची, ते आता त्याच्या डोळ्यांपुढून एकेक दुकान घेऊन जाऊ लागलं. ती सायकलींच्या दुकानापुढे थांबायची. दातांच्या कवळ्या मांडलेल्या एका काचेपुढे ती कितीतरी वेळ उभी होती, आणि तो पिशव्या घेऊन पुढे कोपऱ्यावर. वकिलाच्या ऑफिसाच्या पाटीपुढे, जी तिला वाचताही येत नव्हती. हिला हा देश भारी आवडलाय, पावलापावलाला थांबून बघत असते, असं त्याने ताईला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. ताईही म्हणाली होती, बघू दे रे, जन्मभर काय बघितलंय तिने. "किती दिवस होतंय हे?" त्याने बायकोला विचारलं. "काय होतंय?" ती म्हणाली. "थोडं थांबलं की बरं वाटतं. तुम्हाला आधीच तो हात." मग डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला. पडद्याआडून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते काहीच ऐकू न येणं म्हणजे त्या ऐकताहेत हे त्याला आता माहीत होतं. तो मधल्या खुर्चीवर बसला, मग उठला, आणि बायकोची पिशवी, बाटली आणि छत्री मांडीवर घेऊन परत बसला. ओझं बरंच होतं.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त पुढे जातं आणि थोडं मागे येतं, म्हणून दम लागतो. मोठ्या इस्पितळात चिठ्ठी देते, या आठवड्यातच जा. औषधं आहेत, लागलंच तर दुरुस्तीही करतात, आणि वेळेवर आला आहात. झडप हा शब्द त्या भाषेत त्याच्या सगळ्यात ओळखीचा होता. मागे येणारा प्रवाह, त्याने घसरणारा दाब, त्यापायी पंपावर येणारा ताण, हे सगळं त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायकोच्या मनातलं नाही तरी छातीतलं त्याला एका वाक्यात कळलं. "यांनाच घ्या तुमच्याकडे," बायको त्याच्याकडे बोट दाखवून मोडक्या भाषेत म्हणत होती. "शब्द यांच्यासाठी टाकलाय. आम्ही यांच्यासाठी आलो." डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट हलकेच खाली केलं. "जागा एक आहे," त्या म्हणाल्या. "मला झेपतात तेवढीच माणसं मी घेते, नाहीतर जिना चढायला वेळ उरत नाही." तो उभा राहिला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "हिलाच घ्या." डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलेलं नव्हतं, त्या चिठ्ठी लिहीतच होत्या. ती लिहिताना त्यांनी बायकोला तिचं माहेर कुठलं, तिथे कुणाला असं व्हायचं का, असं विचारलं, आणि बायकोने तिच्या आईचं, मावशीचं, आजीचं एवढं तपशीलवार सांगितलं, की त्याला अर्ध्यावर शब्द सुचेनात. कोण पायरीवर बसायची, कोण उशाला दोन उश्या घ्यायची, कुणाच्या पायांना संध्याकाळी सूज यायची. तिला सगळं माहीत होतं. तिला कुणी विचारलेलंच नव्हतं. तो भाषांतर करत राहिला, एका बाईचं दुसऱ्या बाईला, आणि त्यात त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला नव्या देशात नेमकं ज्यासाठी आणलं असावं ते काम हेच. डॉक्टरीणबाईंबद्दल त्याच्या मनात जे दाटून आलं होतं त्यात हेव्याचा एक दाणा होता, पण तो चावला नाही. या वयात अशी माणसं क्वचित भेटतात, आणि आपल्याच बायकोला भेटली तर घरातच राहतात.

खाली जाताना डॉक्टरीणबाईंनी लिफ्टचं दार धरलं. नोंदलेल्या रुग्णांनी लिफ्टने जायचं असा तिथला नियम होता, आणि सोबतीच्या माणसालाही त्यात मुभा होती. लिफ्टमध्ये बायको आरशात बघून म्हणाली, की शर्ट चुरगळलाच शेवटी. त्याने तिचा हात धरला, आणि तिने तो धरू दिला, बाटली दुसऱ्या हातात घेऊन. खाली नोंदणीच्या बाईंनी बायकोची नोंद केली, इस्पितळाची वेळ घेतली, आणि मग त्याचं नाव थांबलेल्यांच्या यादीत घातलं. त्याच्या आधी बरीच माणसं होती. जागा केव्हा होईल, असं त्याने विचारलं. काही सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. यंदा थंडी फारशी पडली नाही.